नर्मदेत न बुडवलेले बम

नोकरीतली कितीतरी प्रकरणं आता डोक्यातून पुसली गेली आहेत. चोऱ्या, मारामाऱ्या, भाऊबंदकी, सगळ्यांचे चेहरे एकमेकांत मिसळून गेले. महाराजपूरच्या प्लॉटवरची ती संध्याकाळ मात्र काही केल्या विसरता येत नाही. आजही कुठे नवीन घराचा पाया खणताना दिसला की मी रस्त्याची दुसरी बाजू धरतो. बायको हसते. हसू दे, ती त्या दिवशी तिथे नव्हती.

तेव्हा मी जबलपुरातल्या एका ठाण्याचा प्रमुख, म्हणजे टाउन इन्स्पेक्टर होतो; लोक टी.आय. साहेब म्हणत. आमचं घराणं मूळचं वऱ्हाडातलं. वडील नोकरीसाठी इकडे आले, पुढे राज्यांची फेरमांडणी झाली, नागपूर तिकडे गेलं आणि आम्ही मध्य प्रदेशातच राहिलो. घरात मराठी, ठाण्यात हिंदी आणि राग आला की दोन्ही, असा माझा कारभार होता. राग मला लवकर येई, हेही सांगून टाकतो.

उन्हाळ्याचे दिवस होते. महाराजपूरकडे नव्या वसाहती उठत होत्या. अशाच एका मोठ्या प्लॉटवर पायाचं खोदकाम चालू असताना एका मजुराची कुदळ जमिनीतल्या कशावर तरी पडली आणि स्फोट झाला. मजूर मंडल्याकडचा, बायको आणि तान्ह्या मुलीला घेऊन कामाला आलेला. त्याच्या उजव्या हाताचा पंजा गेला. आम्ही पोचलो तेव्हा त्याला इस्पितळात नेलं होतं आणि मातीत पोत्याच्या जळक्या चिंध्या व सुतळीचे तुकडे पडले होते.

सुतळी पाहिली आणि मी समजलो. ज्या काळात दुसऱ्या शहरांतले गुंड चाकू काढत, त्या काळात आमच्याकडचे गुंड हाताने बनवलेले बम फेकत. सुतळी करकचून गुंडाळलेला गोळा. भिंतीवर आपटला की फुटणारा. दोन टोळ्यांचं वैर असलं की माल आधीच तयार करून दोन-चार ठिकाणी वाटून पुरून ठेवायचा, अशी त्यांची रीत. त्यामुळे एक फुटला म्हणजे प्रकरण संपलं, असं मानण्यात अर्थ नव्हता. कोणीही एवढ्याशासाठी खड्डा खणत नाही. बाकीचा माल कुठे होता, हा खरा प्रश्न होता.

छावणीतून फौजेचे एक सुभेदार आले. त्यांनी धातू हुडकणारं यंत्र फिरवून पाहिलं. त्या जमिनीत विटांचे तुकडे, गंजके खिळे, पत्रे, काय नव्हतं? यंत्र पावलोपावली वाजत होतं. “साहब, पूरा मैदान खोदना पड़ेगा, और हर फावड़े पर जान का खतरा,” सुभेदार म्हणाले. मी काम बंद केलं. ठेकेदाराने मजुरांच्या झोपड्या स्फोटाच्या जागेपासून लांब, प्लॉटच्या पलीकडच्या कोपऱ्यात हलवल्या. आम्ही त्यांना तिथूनही उठवलं. ते दिवसा उठून जात आणि संध्याकाळ झाली की पुन्हा येऊन बसत. जाणार कुठे बिचारे?

त्यातच वरून फोन सुरू झाले. ठेकेदाराचं काम किती दिवस अडवणार? शेवटी हुकूमच आला की उद्या सकाळपासून काम सुरू होऊ द्या. हुकूम देणाऱ्याच्या हातात कुदळ नसते. मी फोन ठेवला आणि दोन्ही भाषांत शिव्या दिल्या.

त्याच दिवशी सकाळी कांचघर भागात राहणारे एक निवृत्त रेल्वे गार्ड ठाण्यात आले. ख्रिस्ती गृहस्थ, कडक इस्त्रीची पॅन्ट, बोलण्याची भारी हौस. शेजाऱ्याच्या कुत्र्याविरुद्ध तक्रार होती. ती लिहून झाली, चहा आला आणि गार्डसाहेब स्फोटाच्या विषयावर घसरले. मग आवाज खाली आणून म्हणाले, “टी.आय. साहब, एक बात खटक रही है. कहूं या न कहूं?”

“कह दीजिए,” मी म्हटलं. न सांगण्यासाठी कोणी ठाण्यात चहा पीत बसत नाही.

त्यांच्या लहानशा चर्चमध्ये एक सायकल दुरुस्त करणारा येत असे. तो कधीकाळी बम बनवणारा नामी कारागीर होता. मग काही वर्षांपूर्वी तो, त्यांच्या शब्दांत, प्रभूकडे आला आणि त्याचा बाप्तिस्मा झाला. त्याची साक्ष सगळ्यांना पाठ होती. दर वर्षी मोठ्या सभेत तो उभा राहून सांगे की, मी सगळे बम पोत्यात भरले, नावेत बसलो आणि भर नर्मदेत बुडवून आलो. ऐकताना बायका डोळ्यांना पदर लावत.

“और इस इतवार को प्रभुभोज था,” गार्डसाहेब म्हणाले. “थाली उसके पास आई. उसने लिए बिना आगे सरका दी.”

मला त्यात काही विशेष वाटलं नाही. आमच्याकडे कोणी प्रसाद नाकारला तर पोट बिघडलं असेल म्हणतात. पण गार्डसाहेबांनी समजावून सांगितलं. त्यांच्या उपासनेत भाकरीच्या तुकड्यांची थाळी हातोहात फिरते. पाप्यांसाठी प्रभूने आपला जीव दिला, त्याची ती आठवण. ज्याच्या मनात काही दडवलेलं आहे त्याने आधी ते निस्तरायचं, मगच तुकडा उचलायचा. खोट्या मनाने खाल्लं तर स्वतःवर शिक्षा ओढवून घेतली, असं ते मानतात. “झूठे लोग भी ले लेते हैं, साहब. यह आदमी नहीं लेगा. यह सचमुच डरता है.”

मी कप खाली ठेवला. सगळे बम नर्मदेच्या तळाशी असतील, तर स्फोटानंतरच्याच रविवारी या माणसाच्या मनाला काय टोचत होतं?

त्याला बोलावणं पाठवलं. तो मुकाट्याने आला. चाळिशीचा, रुंद खांद्यांचा, कानामागे भाजल्याची जुनी खूण. बाप विदर्भातून कारखान्यात कामाला आलेला, घरची भाषा मराठी. मी मराठीतच सुरुवात केली. ठाण्यात आईची भाषा कानावर पडली की भलेभले सैल होतात, असा माझा अनुभव होता. हा उलट आक्रसून गेला.

“महाराजपूरचा माल तुझा?”

तो बोटांना लागलेलं ग्रीस पुसत राहिला.

“सगळे नर्मदेत बुडवले म्हणतोस ना? मग परवा थाळी काहून पुढे सरकवली?”

त्याने मान वर केली. चेहऱ्यावरचं रक्त उतरलं होतं. पण तोंड उघडलं नाही.

गप्प बसणाऱ्यांचेही प्रकार असतात. वकिलाची वाट पाहणारा दाराकडे बघतो. साथीदाराला वाचवणारा जमिनीकडे बघतो. हा कुठेच बघत नव्हता. दुपार अशीच गेली. मी गोड बोललो, दम दिला, माफीचा साक्षीदार करायची लालूच दाखवली. भिंतीशी बोलल्यासारखं होतं सगळं.

माझा सब-इन्स्पेक्टर तरुण होता, त्याचे हात शिवशिवत होते. “सर, थोड़ी देर मेरे पास छोड़ दीजिए,” तो म्हणाला. मी नाही म्हटलं. यात माझा साधुपणा नव्हता. मार खाल्लेला माणूस मार थांबावा म्हणून बोलतो, आणि मग कुठलीही जागा दाखवतो. चोरीच्या मालाची जागा चुकली तर आपण एक खड्डा फुकट खणतो. इथे जागा चुकली तर खणणाऱ्याचे पाय गेले असते.

ऊन कलायला लागलं. सकाळी कुदळी पडणार होत्या, हे माझ्या डोक्यात घणासारखं वाजत होतं. शेवटी मी ओरडलो, “अरे, एका माणसाचा हात गेला! आणखी किती घालवणार आहेस? कशाला भितोस एवढा? जेलला?”

तेव्हा तो पहिल्यांदा बोलला. “जेलले कोण भिते, साहेब? देवाच्या वहीतूनच माझं नाव कटलं. एकदा माफी भेटली होती. त्याच्यानंतर देवाच्या लोकांसमोर उभा राहून दर साली खोटं बोललो. दुसऱ्या बार माफी नसते. आता सांगून काय अन् न सांगून काय? मी तर गेलोच.”

एवढं बोलून तो पुन्हा मिटला. मी मात्र खुर्चीत सरळ झालो. आजवर मला भेटलेले सगळे गप्प बसणारे आशेवर गप्प होते. सुटू, निभावून जाईल, पुरावा मिळणार नाही. हा माणूस आशा संपली म्हणून गप्प होता. अशा माणसापुढे पोलिसाचं कुठलंच हत्यार चालत नाही. जो आपण बुडालोच म्हणतो, त्याला कशाची भीती घालणार आणि कशाचं आमिष दाखवणार?

मी जीप पाठवून त्याच्या चर्चच्या पास्टरला आणवलं. किडकिडीत, चष्मा लावणारा, नागपूरकडचा माणूस. मी त्याला सगळं सांगितलं आणि म्हटलं, तुमचं तो ऐकेल, जागा काढून घ्या.

“मी तुमचा खबऱ्या नाही होणार, साहेब,” तो शांतपणे म्हणाला. “त्याचं मन उकलून तुमच्या टेबलावर नाही ठेवणार.”

“उद्या तिथे लोक मरतील!”

“म्हणूनच आलो. त्याले भेटतो. पण जागा मी नाही विचारणार.”

“मग भेटून करणार काय? भजन?”

“जे त्याले आज ऐकायचं आहे, ते सांगतो.”

माझं डोकं तडकलं होतं. पण दुसरा मार्गही नव्हता. सायकलवाल्याला कोठडीतून माझ्या खोलीत आणलं. पास्टर खुर्ची सोडून त्याच्याशेजारी बाकावर जाऊन बसला. सायकलवाला अंग चोरून सरकला.

“तुम्ही कशाले आले, पास्टरजी? मी खोटा माणूस आहो. नर्मदेत थोडेच टाकले होते. बाकीचे ठेवून घेतले. वाटलं, जुने दुश्मन अंगावर आले तर?”

“मले हे माहीत नव्हतं,” पास्टर म्हणाला. “प्रभूले माहीत होतं.”

“मंग?”

“मंग काय? तू सभेत खोटं बोलून राहिला होता, तवा बी तो तुझ्यावर प्रेम करून राहिला होता. त्याच्या आधी तू सुतळी गुंडाळून राहिला होता, तवा बी. तू चांगला झाला म्हणून त्यानं तुले जवळ केलं, असं तुले कोणं सांगितलं? मी तर कधी नाही सांगितलं.”

“एक बार करून झालं ना माफ. पुन्हा पुन्हा कोण करते?”

“तुझी पोरगी चालायले शिकली, तवा किती बार पडली? मोजलं होतं तू?”

सायकलवाल्याचा चेहरा हलला. त्याने दोन्ही हातांत तोंड लपवलं आणि एवढा धिप्पाड माणूस हुंदके देऊ लागला. मी पेन उघडलं. डोळ्यांत पाणी आलं की पाठोपाठ जबाब येतो, हा आमचा ठोकताळा. पण पास्टरने त्याच्या पाठीवरून हात फिरवला नाही. त्याचा आवाज एकदम कडक झाला.

“रडू नको. रडणं म्हणजे मन फिरवणं नाही. रडून माणूस घरी जाऊन झोपू शकते. मन फिरवणं म्हणजे जिथं पाप करून ठेवलं, तिकडं तोंड करून चालत जाणं. प्रभू तुले माफ करते. हे साहेब नाही करणार, अन् यायनं करू बी नये. जेल होईल. लोक बायकोले बोलतील. सभेत तुझी साक्ष कोणी ऐकणार नाही. हे सगळं होईल, अन् तरी तो तुझ्यासंगं चालेल. आता सांग, उठतो का?”

पोलिसाची बाजू मांडणारा धर्मोपदेशक मी पहिल्यांदाच पाहत होतो.

सायकलवाल्याने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं आणि माझ्याकडे पाहिलं. “चला, साहेब. पण पुढं मी चालीन. माझ्यापुढं कोणी पाय नाही टाकायचा.”

पोलिसासमोर दिलेली कबुली कोर्टात चालत नाही. पण आरोपीच्या सांगण्यावरून वस्तू सापडली, तर तेवढा भाग पुरावा म्हणून धरतात. म्हणून दोन पंच बोलावले, निवेदन लिहिलं, सह्या झाल्या. सुभेदारांना निरोप गेला. आम्ही प्लॉटवर उतरलो तेव्हा सूर्य खाली आला होता.

आणि तिथे नवाच घोळ झाला. त्याच्या खुणा होत्या दोन पळसाची झाडं आणि एक पडकी विहीर. झाडं तुटली होती, विहीर राडारोडा टाकून बुजवली होती. सगळीकडे सपाट माती. तो चार पावलं टाकी, थांबे, परत फिरे. आम्ही त्याच्या पावलांच्या ठशांवर पाय ठेवत मागे. “इथं नाही,” तो पुटपुटे. सब-इन्स्पेक्टर माझ्या कानाशी लागला, “सर, नाटक कर रहा है.” मलाही तीच शंका येऊ लागली होती, खोटं कशाला बोलू?

मग त्याला विहिरीच्या काठाचे दगड सापडले. त्यांवर उभा राहून त्याने अंदाज घेतला, तोंड वळवलं आणि जागच्या जागी थिजला. त्याच्या नजरेच्या रेषेत मजुरांच्या झोपड्या होत्या. शेवटच्या झोपडीपुढे एक बाई चूल पेटवून फुंकर घालत होती. शेजारी तान्ही पोर मातीत रांगत होती. हात गेलेल्या मजुराची बायको होती ती.

“साहेब,” तो म्हणाला. “त्या चुलीखाली.”

“कोई दौड़ेगा नहीं,” सुभेदार दबक्या आवाजात म्हणाले. “कोई चिल्लाएगा नहीं.”

आमचे पाय खिळले होते. तो मात्र चालू लागला. मी हाक मारणार होतो, पण सुभेदारांनी माझा दंड धरला. तो बाईसमोर उकिडवा बसला, काहीतरी हळू बोलला, पोरीला उचलून तिच्या हातात दिलं आणि आमच्याकडे बोट दाखवलं. बाई घाबरून आरडाओरडा करू लागली. त्याने तिच्याकडे लक्ष दिलं नाही. चुलीतली जळती लाकडं त्याने उघड्या हातांनी एक एक काढली आणि लांब नेऊन ठेवली. बाई पोरीला छातीशी धरून आमच्याकडे आली, तरी तो तिथेच बसून राहिला. सुभेदार पोचेपर्यंत. नेमकी जागा बोटाने दाखवली, तेव्हाच उठला.

तेलाचा चौकोनी डबा होता. चुलीच्या तळापासून वीतभर खाली. वरच्या विटा अजून तापलेल्या होत्या. झाकण काढून सुभेदारांनी आत पाहिलं. किती आहेत, असं मी विचारलं. “गिनती रहने दीजिए, साहब,” ते म्हणाले आणि कपाळाचा घाम पुसला.

सायकलवाला बाईसमोर येऊन उभा राहिला. तळहात भाजून लाल झाले होते. “तेरे आदमी का हाथ मेरी वजह से गया, बहन. मैंने गाड़ा था.”

ती त्याच्याकडे पाहत राहिली. मग तिने सगळ्या ताकदीनिशी त्याच्या थोबाडीत मारली. शिपाई पुढे सरकला, मी त्याला अडवलं. सायकलवाल्याने हात जोडले नाहीत. देवाचं नाव काढलं नाही. माफी मागितली नाही, आणि तिनेही दिली नाही. ती पोरीला घेऊन पाठ फिरवून बसली. तिच्या जागी मी असतो तर एका थपडेवर भागवलं नसतं.

पंचनामा झाला. त्याला हातकडी घालून जीपमध्ये माझ्या शेजारी बसवलं. मागे सुभेदारांची गाडी. सगळ्यांना हायसं वाटलं होतं. सब-इन्स्पेक्टरने सिगारेट पेटवली. मी मनातल्या मनात वरिष्ठांसाठी अहवाल जुळवत होतो. ठाण्याचा रस्ता लागला, तेवढ्यात तो म्हणाला, “साहेब, गाडी वळवा.”

“काहून?”

“भेडाघाटच्या रस्त्यावर पुलाखाली अजून एक पोतडं आहे.”

मी त्याच्याकडे बघतच राहिलो. त्या पुलाखाली स्फोट झाला नव्हता. तक्रार नव्हती, खबर नव्हती, कोणाला संशयही नव्हता. जन्मात आम्हाला ते पोतडं सापडलं नसतं.

“तुला कळतं ना? याचा वेगळा गुन्हा लागेल. शिक्षा वाढेल.”

“माहीत आहे.”

“मग सांगतोस कशाला? मी तर विचारलंही नाही.”

“म्हणूनच, साहेब,” तो म्हणाला. “पहिलं तुम्ही विचारलं होतं. हे माझं मलेच सांगायचं होतं.”

गाडी वळवली. पोतडं त्याने सांगितलं तिथेच निघालं. पुढे खटला उभा राहिला तेव्हा त्याचा वकील म्हणाला की जागा उघडी होती, कोणीही पुरलं असेल, सुटायला वाव आहे. त्याने ऐकलं नाही. मॅजिस्ट्रेटने बजावलं की, तू बोलायला बांधील नाहीस, विचार कर. त्याने विचार केला आणि सगळं सांगितलं. शिक्षा झाली, ती त्याने पुरी भोगली.

मी शेकडो कबुल्या घेतल्या. त्यातली प्रत्येक आमचा पुरावा जिथे संपला तिथेच संपली. जेवढं आम्हाला ठाऊक, तेवढं आरोपीला आठवायचं. कबुली आणि पश्चात्ताप या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मला या एका माणसाने शिकवलं. कबुली भीतीने मिळवता येते, म्हणून ती भीतीपुरतीच असते. पश्चात्तापाला आधी आशा लागते. आपल्याला कोणीतरी अजून दारात उभं करील, असं वाटल्याशिवाय माणूस घराकडे तोंड वळवत नाही. पुढच्या नोकरीत मी आरोपीला दम देणं सोडलं असं नाही; पण समोरचा माणूस आशेवर गप्प आहे की निराशेने, हे आधी पाहू लागलो.

मी फारसा देवधर्म करणारा नाही. पास्टर म्हणत होता ते प्रेम वर कुठे आहे की नाही, याचा तपास माझ्या हद्दीत येत नाही. मला एवढंच ठाऊक आहे की भेडाघाटच्या त्या पुलावरून आजही लोक मुलाबाळांना घेऊन धबधबा बघायला जातात. त्यांच्यातल्या कोणालाही माहीत नाही की ते तिथून सुखरूप जातात, कारण एका संध्याकाळी एका पाप्याला आपल्यावर अजूनही कोणाचं तरी प्रेम आहे हे पटलं होतं.